आधी बेडूक काढा : झेन शाईचित्रांतले प्राणी कसे पाहायचे, कसे काढायचे

सेंगाई गिबोन नावाच्या जपानी महंताने काढलेला एक बेडूक आहे. अंग म्हणजे मोजके जाड फटकारे, पाय दुमडलेले, आणि हसू या कानापासून त्या कानापर्यंत (बेडकाला कानाची पाळी नसते, पण तुम्हाला कळलं). शेजारी कुंचल्यानेच एक ओळ लिहिली आहे : बसून ध्यान केल्याने माणूस बुद्ध होत असेल तर… वाक्य तिथेच सोडून दिलंय. पुढचं बेडकाकडे बघून समजून घ्यायचं. तो तर जन्मभर बसूनच आहे.

सेंगाई (१७५०–१८३७) हा ध्यानाची टर उडवणारा कुणी उपरा नव्हता. हाकाता, म्हणजे आजच्या फुकुओका शहरातल्या शोफुकुजी मठाचा तो प्रमुख होता. एइसाइ या भिक्षूने ११९५ साली स्थापलेला हा मठ जपानातला पहिला झेन मठ मानला जातो. बेडकामागची गोष्ट त्याहून जुनी, चीनमधली आहे. नान्युए नावाचा गुरू ध्यानात गढलेल्या शिष्यासमोर कौल घासत बसला. हे काय चाललंय? आरसा करतोय. कौल घासून कधी आरसा होतो का? मग नुसतं बसून बुद्ध होतो का? सेंगाईने ही सगळी गोष्ट एका बेडकात बसवली.

हे चित्र पाहून हसू आलं, तर तुम्ही ते बरोबर पाहिलंत. हे आधीच सांगतो, कारण नवखा माणूस या चित्रांपुढे उगाच गंभीर होऊन उभा राहतो. मीही तसाच उभा राहायचो. प्रत्येक प्राण्याचा ‘अर्थ’ शोधायचा, म्हणजे बगळा अमुक, माकड तमुक, जणू चित्र म्हणजे कोड्याचा तक्ताच. पुढे हातात कुंचला घेऊन स्वतःच बेडूक काढायला बसलो तेव्हा चित्रं जरा दिसायला लागली. म्हणून या लेखात आधी पाहायचं कसं ते सांगतो आणि मग एक बेडूक काढून घेतो. चित्रकला येत असण्याची गरज नाही.

शब्दांचा गोंधळ आधी मिटवू. संस्कृतातलं ‘ध्यान’ चीनमध्ये ‘चान’ झालं आणि जपानात ‘झेन’. शाई आणि पाणी एवढ्यावर काढलेल्या चित्राला जपानीत ‘सुइबोकुगा’ किंवा ‘सुमी-ए’ म्हणतात. सुमी म्हणजे शाई. ही चित्रकला बाराव्या-तेराव्या शतकापासून चीनहून येणाऱ्या-जाणाऱ्या भिक्षूंबरोबर जपानात रुजली. पण शाईचं प्रत्येक जपानी चित्र झेन असतं असं नाही. क्योतोजवळच्या कोझानजी मंदिरातली सशा-बेडकांच्या कुस्तीची प्रसिद्ध गुंडाळी लोक सर्रास ‘झेन’ म्हणून पुढे पाठवतात. तिचा झेनशी संबंध नाही.

पायरी पहिली : प्राणी कुठे बघतोय ते बघा

ओसाका प्रांतात इझुमी इथे कुबोसो स्मृती संग्रहालय आहे. त्यांच्या संग्रहात मियामोतो मुसाशीचं एक चित्र आहे. मुसाशी म्हणजे तोच, तलवारबाज. भिक्षू नव्हे. १६४५ साली वारला, आणि उतारवयात त्याने शाईची मोजकी पण जबरदस्त चित्रं काढली.

कागद उभा, अरुंद. खालून एक वाळकी फांदी निघते आणि एका दमात थेट वर जाते. चित्रातला बराचसा कागद कोराच आहे. फांदीच्या टोकावर एक पक्षी बसलाय : खाटीक. आपल्याकडे माळावर, तारेवर, बाभळीच्या शेंड्यावर दिसतो तोच वंश. किडे, लहान सरडे पकडून काट्याला टोचून ठेवतो, म्हणून खाटीक. जपानातला त्याचा भाऊबंदही हेच करतो.

आता नजर फांदीवरून हळूहळू खाली आणा. अर्ध्यावर एक अळी आहे. ती वर चढतेय.

मी हे चित्र पहिल्यांदा मोबाइलवर पाहिलं तेव्हा अळी मला दिसलीच नव्हती. फांदीची रेघ किती झकास, एवढंच बघितलं आणि पुढे सरकलो. पक्षी कुठे बघतोय हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला तेव्हा लक्षात आलं की त्याची नजर अळीवर नाहीच, तो बाहेर कुठेतरी बघतोय. त्याने तिला पाहिलं नाही, की पाहून झालंय आणि आता घाई नाही, हे चित्र सांगत नाही.

तेव्हा कुठलंही चित्र समोर आलं की पहिला मिनिटभर एवढंच करा. प्राण्याच्या डोळ्यातून मनातल्या मनात एक रेघ ओढा. ती दुसऱ्या प्राण्यावर जाते, चंद्रावर, कोऱ्या कागदावर की थेट तुमच्यावर? मग विचारा की हा आत्ता काय करायच्या बेतात आहे. नाव, काळ, अर्थ हे सगळं नंतर.

पायरी दुसरी : चारच गोष्टी माहीत करून घ्या

प्राण्यांची यादी लांबलचक आहे, पण चार गोष्टी कळल्या की निम्मी चित्रं ओळखीची होतात.

पहिली माकडांची, आणि ती आपल्याच देशातली. बौद्ध विनयग्रंथांपैकी, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथांपैकी, एकात येते. वाराणसीजवळच्या रानात पाचशे माकडं राहत होती. एका रात्री त्यांना वडाच्या झाडाखालच्या विहिरीत चंद्र दिसला. म्होरक्या म्हणाला, चंद्र आत पडलाय, काढला नाही तर जगात अंधार होईल. म्होरक्याने फांदी धरली, दुसऱ्याने त्याची शेपटी, तिसऱ्याने दुसऱ्याची, अशी साखळी विहिरीत उतरत गेली. फांदी मोडली आणि सगळे पाण्यात.

ही गोष्ट चीनमार्गे जपानात पोचेपर्यंत एक गंमत झाली. तेराव्या शतकातला चिनी भिक्षू-चित्रकार मुची, ज्याला जपानी लोक मोक्केई म्हणतात, याने काढलेली गिबन माकडीण आणि तिचं पिल्लू क्योतोच्या दाइतोकुजी मठात आलं. मध्ये शुभ्र वस्त्रातली कान्नोन (आपला अवलोकितेश्वर), एका बाजूला क्रौंच आणि दुसऱ्या बाजूला ही गिबन, अशी तीन चित्रांची मांडणी. आज तिला जपानच्या राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा आहे. मुचीची मायदेशात फारशी कदर झाली नाही. जपानने मात्र त्याला डोक्यावर घेतलं, आणि पुढची काही शतकं जपानी चित्रातलं माकड म्हणजे मुचीचं गिबन झालं : मऊ, केसाळ, काळसर अंग, पांढुरका चेहरा आणि संपतच नाहीत असे हात. गिबनला शेपटी नसते. त्यामुळे शेपट्यांची साखळी गेली, आणि एका हाताने फांदी धरून दुसरा हात पाण्यातल्या चंद्राकडे लांबवणारं एकटं माकड उरलं. माझ्या मते गोष्ट त्यामुळे सुधारली. पाचशेंच्या गर्दीत फजिती वाटली जाते. इथे ती एकट्याची आहे.

क्योतोत नान्झेनजीच्या आवारातल्या कोन्चि-इन मंदिरात हासेगावा तोहाकुने (१५३९–१६१०) सरकत्या दारांवर असंच माकड काढलंय. हाकुइन एकाकु (१६८६–१७६९) या झेन गुरूनेही ते काढलं आणि वर कविता लिहिली. तिचा आशय असा : हे माकड मरेपर्यंत चंद्राचा नाद सोडणार नाही, पण फांदी सोडून खोल पाण्यात नाहीसं झालं, तर दाही दिशा उजळतील. आपण चंद्राकडे उगाच बघत बसतो. हाकुइन फांदी धरलेल्या हाताकडे बोट दाखवतोय.

दुसरी गोष्ट बैलाची. बाराव्या शतकातल्या कुओआन या चिनी गुरूच्या नावावर दहा चित्रांची आणि कवितांची मालिका आहे. गुराखी हरवलेला बैल शोधतो, पावलांचे ठसे दिसतात, बैल दिसतो, दावं लागतं, बैल माणसाळतो आणि गुराखी त्याच्या पाठीवर बसून घरी येतो. इथपर्यंत कुठल्याही शेतकऱ्याला पटेल अशी हकिगत आहे. सातव्या चित्रात बैल नाही. आठव्यात गुराखीही नाही, नुसतं रिकामं वर्तुळ. नवव्यात झाड-पाणी, आणि दहाव्यात तो बाजारात, लोकांमध्ये. क्योतोच्या शोकोकुजी मठात याचा जुना संच आहे, परंपरेने तो शूबुन या चित्रकाराचा मानतात. बैल म्हणजे मन, असं सगळीकडे लिहिलेलं सापडेल आणि ते खरंही आहे. तरी पाहताना मात्र दावं बघा : कोणत्या चित्रात ताठ आहे, कोणत्या चित्रात सैल, आणि ते नाहीसं कधी होतं.

तिसरी कुत्र्याची. कुत्र्यातही बुद्धत्व असतं का, असं एका भिक्षूने जोशू या गुरूला विचारलं. उत्तर आलं : ‘मू’. शब्दशः ‘नाही’, पण या ‘नाही’वर शिष्य वर्षानुवर्षं बसतात. म्हणून शाईचित्रात गोंडस पिल्लू दिसलं की जाणकाराच्या मनात ‘मू’ वाजतंच. सेंगाईच्या एका पिल्लाला दोरी बांधलेली आहे आणि शेजारी तत्त्वज्ञान नाही, नुसता त्याच्या केकाटण्याचा आवाज लिहिलाय.

चौथी कॅटफिशची, म्हणजे मिशाळ माशाची. १४१५च्या आसपास शोगुन (जपानचा लष्करी सत्ताधीश) आशिकागा योशिमोचीने जोसेत्सु या भिक्षू-चित्रकाराला एक विषय दिला : भोपळ्याने मासा कसा धरायचा? गुळगुळीत वाळका भोपळा, त्याहून बुळबुळीत मासा. चित्रात ओढ्याकाठी एक फाटका माणूस दोन्ही हातांत भोपळा घेऊन उभा आहे, तोही अशा ढंगाने की भोपळाच आता निसटेल. वरच्या भागात तीसेक भिक्षूंनी या विषयावर कविता लिहिल्या आहेत. मूळ चित्र क्योतोच्या ताइझो-इन मंदिराचं. तिथे गेलात तर प्रतिकृती पाहायला मिळते. हा मासा कुणाला वळवळणाऱ्या मनासारखा वाटतो, कुणाला सत्तेसारखा. मला त्या माणसाचा चेहरा आवडतो. एकदाही जमलेलं नाही, पण पुन्हा करून बघणार आहे.

पायरी तिसरी : चित्रकाराने हा प्राणी पाहिला होता का?

हा प्रश्न विचारायचा राहून जातो. जपानात रानटी वाघ नव्हते. तरी झेन मठांच्या दारा-पडद्यांवर वाघ भरपूर. चित्रकारांपुढे चिनी आणि कोरियन चित्रं होती, कधी एखादं कातडं हाती यायचं, आणि अंगणात मांजर असायचं. त्यामुळे पुष्कळ वाघांच्या डोळ्यात मांजरासारखी उभी बाहुली दिसते. खऱ्या वाघाची बाहुली गोल असते, हे ताडोबात जिप्सीतून दुर्बीण लावून पाहिलेल्यांना माहीत असेल.

नागासावा रोसेत्सुचा (१७५४–१७९९) वाघ याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण आहे. कीइ द्वीपकल्पाच्या टोकाशी, कुशिमोतो इथे मुर्योजी नावाचं झेन मंदिर आहे. १७०७च्या त्सुनामीत ते वाहून गेलं आणि १७८६ साली नव्याने उभं राहिलं. तिथली चित्रं रोसेत्सुचा गुरू मारुयामा ओक्यो काढणार होता, पण त्याला क्योतो सोडणं जमेना, म्हणून त्याने शिष्याला धाडलं. रोसेत्सुने सरकत्या दारांवर दारं भरून जाईल असा वाघ काढला. झेप घ्यायच्या पवित्र्यात आहे, पण चेहरा निखळ मांजराचा. त्याच दारांच्या मागच्या बाजूला एक मांजर पाण्यातल्या माशावर टपून बसलंय. काही जण म्हणतात की पुढचा वाघ म्हणजे माशाला दिसलेलं हेच मांजर. रोसेत्सुच्या मनात तेच होतं का, कोण जाणे. पण एकदा ऐकल्यावर ते डोक्यातून जात नाही.

न पाहिलेल्या प्राण्याचं चित्र कमअस्सल असतं असं मात्र समजू नका. झोपलेला वाघ बघा. मोकुआन रेइएन या चौदाव्या शतकातल्या भिक्षूच्या एका चित्रात तीन अवलिये आणि एक वाघ एकमेकांवर रेलून गाढ झोपलेत. इथे पट्टे चुकले काय, बरोबर आले काय. श्वास एका लयीत चाललाय, एवढं दिसलं की पुरे.

पायरी चौथी : कोरा भाग आणि लिखाण

याला मी फार वेळ घेणार नाही. रिकाम्या जागेवर इतकं लिहिलं गेलंय की ती जागाच उरलेली नाही. एक घरगुती प्रयोग करा. चित्राची प्रिंट घ्या आणि कोरा भाग कापून कागद प्राण्याच्या अंगालगत आणा. मुसाशीचा खाटीक असा कापला तर तो पक्ष्यांच्या पुस्तकातलं चित्र होतो. उंची गेली, वारा गेला.

चित्रावरच्या लिखाणाला ‘सान’ म्हणतात. ते नक्षी म्हणून सोडून देऊ नका, संग्रहालयाच्या पाटीवर किंवा संकेतस्थळावर भाषांतर शोधा. जपानी लिखाण उजवीकडून, वरून खाली वाचतात. सेंगाईची ओळ काढून टाकली तर बेडूक निव्वळ बेडूक उरतो, आणि बेडूक काढून टाकला तर ओळीत दम नाही.

घरबसल्या पाहायला जपानच्या राष्ट्रीय संग्रहालयांचं ‘ई-कोकुहो’ हे संकेतस्थळ उत्तम. चित्र इतकं मोठं करता येतं की कुंचल्याचे केस मोजावेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानेही पुष्कळ चित्रं खुली ठेवली आहेत.

पायरी पाचवी : सामान

चार वस्तू लागतात : कुंचला, शाईची कांडी, सहाण आणि कागद. जपानीत त्या दगडाला ‘सुझुरी’ म्हणतात, पण काम सहाणेचंच. फरक इतकाच की एका टोकाला पाणी साठायला खळगा असतो. खळग्याला ते समुद्र म्हणतात आणि सपाट भागाला टेकडी.

शाईची कांडी म्हणजे काजळी आणि सरस. नारा शहरात ती अजून हाताने होते. तेलाचे दिवे ओळीने लावतात, वर मातीची झाकणं धरतात आणि झाकणांना बसलेली काजळी खरवडून घेतात. आजी दिव्यावर ताट पालथं धरून काजळ धरायची, तेच तंत्र. त्यात सरस मळतात, सरसाचा वास झाकायला सुगंध घालतात, लाकडी साच्यात दाबतात आणि तडकू नये म्हणून राखेत हळूहळू वाळवतात. हे काम थंडीतच चालतं, कारण उन्हाळ्यात सरस नासतो.

ही शेवटची माहिती मला आधी असती तर बरं झालं असतं. पहिल्याच मे महिन्यात मी उगाळलेली शाई ‘उद्या वापरू’ म्हणून झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी खोलीत काहीतरी मेलंय असं वाटून घरच्यांनी कपाटामागे उंदीर शोधला. शाई रोजची रोज उगाळायची आणि उरलेली धुऊन टाकायची. पावसाळ्यात कांडीला बुरशी धरते, म्हणून कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. आणि काम झाल्यावर कांडी दगडावर उभी विसरू नका. ती चिकटते, आणि सोडवताना दगडाचा टवका घेऊन येते.

सुरुवातीला बाटलीतली शाई चालेल का? चालेल. रोज उगाळायच्या कंटाळ्याने सराव बंद पडण्यापेक्षा बाटली बरी. फक्त ती नेहमीची फाउंटन पेनची शाई नसावी.

कुंचला एकच घ्या, मध्यम आकाराचा, मऊ केसांचा, ओला केल्यावर ज्याला टोक येतं असा. कागद मात्र महत्त्वाचा. दुकानात ‘राईस पेपर’ म्हणून मिळतो. जपानी कागदात तांदूळ नसतो, तो बहुधा कोझो या तुतीच्या कुळातल्या झाडाच्या सालीचा असतो. आपल्याकडचा सुती हातकागद सुंदर असतो, पण जाड आणि खळ दिलेला, त्यावर शाई हवी तशी फुटत नाही. लहानपणी वहीत शाई फुटली की मार बसायचा. इथे ती फुटायलाच हवी. सरावाला जुनी वर्तमानपत्रं चालतात. कागदाखाली जुन्या घोंगडीचा तुकडा घाला, नाहीतर ओली शाई टेबलाला लागून मागून डाग येतात. जोडीला दोन वाट्या पाणी, एक पांढरी बशी आणि एक फडकं.

पायरी सहावी : शाई उगाळणे

टेकडीवर चमचाभर पाणी घाला. कांडी सरळ धरा आणि गोल गोल फिरवा, दाब न देता. चंदन उगाळलं असेल तर हाताला हे आधीच येतं. दहा-पंधरा मिनिटं लागतात. दाबून पाच मिनिटांत उरकलंत तर शाई भरड होते आणि कागदावर कणी दिसते. कांडीच्या मागे दगडाचा पट्टा क्षणभर उघडा राहून मग शाई परत मिळू लागली, आणि तिच्यावर तेलासारखी चकाकी आली, की झाली.

या पंधरा मिनिटांबद्दल पुष्कळ गोडगोड लिहिलं जातं की हेच खरं ध्यान. असेल. माझं लक्ष निम्मा वेळ कुकरच्या शिट्टीकडे असतं.

बशीत तीन डाग करा : एक गडद, एक अर्ध्या पाण्याचा, एक नुसता धुरकट.

पायरी सातवी : तीन फटकारे

कुंचला पेनासारखा आडवा धरू नका. मधोमध धरा, उभा ठेवा, मनगट टेबलाला टेकवू नका, हात खांद्यापासून हलू द्या.

पहिला फटकारा उभ्या कुंचल्याचा. टोक रेघेच्या मध्यातून जातं आणि दोन्ही कडा सारख्या येतात. मुसाशीची फांदी ती हीच.

दुसरा आडव्या कुंचल्याचा. कुंचला आधी पाण्यात भिजवून कडेला निथळा, मग धुरकट शाईत बुडवा आणि शेवटी फक्त टोक गडद शाईला लावा. आता कुंचला कागदावर लोळवून ओढला, की एका कडेला काळा आणि दुसऱ्या कडेला फिका, असा पट्टा एकाच झटक्यात उमटतो. बाह्यरेषा काढून आत रंग भरायची सवय इथे सोडावी लागते, आणि शाळेत चित्रकलेत चांगले मार्क असणाऱ्यांना ती सोडवत नाही.

तिसरा कोरडा फटकारा. कुंचला फडक्यावर टिपून घ्या आणि झपकन ओढा. मध्ये मध्ये कागद पांढरा राहतो. गिबनचे केस, घोड्याची आयाळ, वाळकं गवत, सगळं यातून निघतं.

प्रत्येकी शंभरेक काढा. श्वास रोखू नका. रोखला की रेघ थरथरते. आणि उमटलेल्या फटकाऱ्यावर परत कुंचला फिरवायचा नाही. ओला कागद दुसऱ्यांदा घासला की लोकर सुटल्यासारखा होतो, आणि गिरवलेली रेघ खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखू येते.

पायरी आठवी : बेडूक

कागदाचा खालचा डावा कोपरा घ्या. मध्य घेऊ नका. बेडकाचं तोंड उजवीकडे करा, म्हणजे त्याच्यापुढे कोरा कागद राहील.

दुरंगी भरलेला कुंचला आडवा धरा, टोक वरच्या बाजूला. डोक्यापासून पाठीवरून खाली एकच कमानदार फटकारा घ्या, साधारण अंगठ्याएवढा. वरची कड गडद म्हणजे पाठ, खालची फिकी म्हणजे पोट. कुंचला उचला आणि थांबा.

मागचा पाय म्हणजे दुमडलेला कोपर : खालून पुढे आणि पुढून परत मागे, एका दमात, वळणावर थोडा दाब देऊन. त्याच्या टोकाला कुंचल्याचं टोक तीनदा टेकवून बोटं. पुढचे पाय म्हणजे दोन आखूड रेघा, मध्यम शाईत. इथे बहुतेकांचा घात होतो. पाय सारखे काढले की बेडूक टेबलासारखा उभा राहतो. एक जरा वाकडा, आत वळलेला काढा, म्हणजे तो बसतो.

आता गडद शाईत डोक्यावर डोळ्याचा उंचवटा, अर्ध्या वर्तुळाची बारीक रेघ, आत कागद पांढराच. मग तोंड, एक लांब रेघ. टोक किंचित वर गेलं तर हसरा, खाली गेलं तर शेजारच्या सोसायटीचा सेक्रेटरी.

बाहुलीचा ठिपका सगळ्यात शेवटी. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी शेवटी आणि कसलेल्या हाताकडेच का देतात, ते हा ठिपका देताना कळतं. वर दिला तर बेडूक आकाशाकडे बघतो, पुढे दिला तर माशीकडे. कुठेही सरळ बघत नाही असा, मधोमध आणि जरा खाली दिलात, तर सेंगाईच्या बेडकाच्या जवळपास जाल.

पहिले वीस बेडूक बटाटे होतील. माझा एक तर इतका फुटला की भाच्याने विचारलं, मामा, हा फुगा आहे का? शाई फार फुटत असेल तर कुंचल्यात पाणी जास्त आहे. फडक्याला टेकवून मग कागदावर या. फटकारा मध्येच तुटत असेल तर कुंचला कोरडा आहे. सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसत असेल तर टोकाला गडद शाई लावायची राहिली आहे. बेडूक मेल्यासारखा दिसत असेल तर तुम्ही तो सावकाश काढलाय.

काम संपलं की कुंचला नुसत्या पाण्यात, साबण न लावता, मुळापासून धुवा, बोटांनी टोक काढा आणि उलटा टांगा. सगळे कागद तारीख घालून ठेवा, फेकू नका.

बेडकावर हात बसला की पिल्लू घ्या, मग दोन फटकाऱ्यांत उडणारा बगळा. गिबनचे हात घाईने काढू नका, ते वर्षभराने. वाघाची हौस लवकर येते आणि वाघाचं बहुतेक मांजर होतं. सेंगाईच्याही वाघाचं झालं होतं. त्याने चित्रावर सरळ लिहून टाकलं, मांजर की वाघ? जोडीच्या ड्रॅगनशेजारी लिहिलं की याला मी ड्रॅगन म्हणतो, लोक खो खो हसतात, मीही हसतो. तुमच्या वाघाशेजारीही जागा सोडून ठेवा, शाई वाळली की लिहिता येईल.